बारा मशीनची इर्जिक

वैजनाथला त्या घड्याळातून चार गोष्टी मिळायच्या होत्या. एक, काचेची केबिन. दोन, हुद्द्याला चिकटलेलं 'ट्रेनी' हे शेपूट गळून पडणं. तीन, मॅनेजर व्यंकटरावांच्या मंगळवारच्या मीटिंगमध्ये भिंतीकडच्या खुर्चीवरून टेबलाकडच्या खुर्चीवर येणं. आणि चार, शहरातल्या छावणी भागात राहणाऱ्या सासऱ्यांनी पाहुण्यांना 'हे आमचे जावई, इंजिनिअर' असं सांगणं. सध्या ते 'हे वाळूजला असतात' एवढ्यावरच भागवत, जणू वैजनाथ तिथं कुणाच्या रानात राखणीला होता.

याच्या बदल्यात द्यायचं काय, तर एक आकडा. वाळूजच्या त्या कारखान्यात ड्रिलिंगच्या लाइनीवर बारा मशीन होती. स्कूटरच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या लोखंडी तुकड्याला तिथं तीन भोकं पाडली जात. एका माणसानं एका पाळीत असे एकशे साठ तुकडे करायचे, असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं ते माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी जेवढे झाले तेवढेच कायम झाले, अशी एक माहिती होती. व्यंकटरावांना तो आकडा दोनशेच्या पुढं हवा होता, आणि तोही शास्त्रानं. उगीच वाढवला तर युनियन बोंबलते. शास्त्रानं वाढवला तर नुसती कुरकुरते. म्हणून त्यांनी वैजनाथला आठ आठवडे पुण्याला, कामाचा वेळ मोजायचा कोर्स करायला पाठवलं. येताना त्यानं एक स्टॉपवॉच आणलं. भागाकार सोपा जावा म्हणून त्याच्या तबकडीवर मिनिटाचे साठ नव्हे, शंभर भाग केलेले होते. लाइनीवरच्या लोकांनी ती तबकडी पाहिली आणि एवढंच म्हणाले, की साहेबांनी मिनिटातच चाळीस वाढवले, आपल्याला काय सोडणार.

मुदत होती पाडव्यापर्यंतची. दिवाळीपासून वैजनाथनं जे मोजलं, त्यातून आकडा निघाला होता एकशे बावन्न. म्हणजे होते त्यातलेही आठ गेले.

कारण साधं होतं. घड्याळ बाहेर आलं की लाइन म्हातारी व्हायची. पाच नंबरवरचा रामकिसन ड्रिलला तेल घालायचा, पुसायचा, आणि जास्त पुसलं गेलं म्हणून पुन्हा घालायचा. आठ नंबरवरचा काकासाहेब युनियनचा प्रतिनिधीही होता. तो प्रत्येक तुकडा उजेडाकडं धरून नवरी बघायला आल्यासारखा निरखायचा, आणि वैजनाथनं पाहिलं की म्हणायचा, "क्वालिटी, साहेब." वैजनाथ घड्याळ खिशात घालून जिन्यापर्यंत पोचला की मागं मशीनं पुन्हा तरुण व्हायची. त्याला ते ऐकू यायचं. पण ऐकू आलेलं तक्त्यात भरता येत नाही.

बारा नंबरवर सांडू होता, रामकिसनच्या बहिणीचा मुलगा. टेम्पररी. त्या कारखान्यात टेम्पररी माणूस सात महिने काम करी, आठव्याच्या तोंडावर त्याला ब्रेक मिळे, आणि महिन्याभरानं तो नवा म्हणून परत भरती होई. सांडू असा चार वेळा नवा झाला होता. यंदा मात्र दोन जागा कायम भरायच्या होत्या, पाडव्याच्या आदल्या दिवशी, कामाचं कार्ड बघून. महिन्यातला एकही दिवस ठरल्या आकड्याखाली नको, एवढीच अट. सांडूचं कार्ड स्वच्छ होतं. त्याच्या आईनं, साळूबाईनं, 'पोरगं परमनंट झालंय' असं दोन ठिकाणी सांगूनही ठेवलं होतं, आणि त्यातल्या एका ठिकाणची पसंती आली होती.

पाडव्याला तीन आठवडे उरले असताना सांडूचं मधलं बोट तुकडा धरायच्या पकडीत सापडलं. चार टाके पडले. ते त्यानं गावातल्या डॉक्टरकडून घालून घेतले. कारखान्याच्या दवाखान्यात नोंद झाली असती. जखमी टेम्पररीला 'बरे होऊन या' म्हणतात, आणि तो बरा होईपर्यंत त्याच्या जागी दुसरा बरा माणूस आलेला असतो. दुसऱ्या दिवशी सांडू हातमोजा चढवून मशीनवर उभा राहिला. अर्ध्या पाळीतच कळलं, की गाडी एकशे दहाच्या पुढं जायची नाही. त्या दिवशीची तूट रामकिसननं आणि शेजारच्या तिघांनी डबे न उघडता भरून काढली.

परतीच्या बसमध्ये मागच्या बाकांवर सगळी लाइन बसली होती.

"टाके कवा काढणार?" काकासाहेबानं विचारलं.

"आठ दिवसांनी," सांडू म्हणाला.

"आठ दिवस, रोजचे पन्नास. चारशे जॉब झाले. आपण अकरा जण. रोज पाच-पाच ह्याच्या पेटीत टाकू. कुणाला कळायचं नाय."

"पाच-पाच काय टाकतो, काकासाहेब," रामकिसन म्हणाला. "पोरगं काय फडकं पसरून वाटंवर बसलंय का?"

"मंग काय करता?"

"इर्जिक घालू."

बारांपैकी नऊ जण आसपासच्या ज्या गावांचे होते, त्यांच्याच जमिनींवर कारखाने उभे होते. आपलं पाच नंबरचं मशीन आपल्याच शेताच्या डोक्यात उभं आहे, असं रामकिसन सांगत असे. नकाशाप्रमाणं तिथं कॅन्टीनची मोरी येत होती. पण इर्जिक या नऊ जणांना समजावून सांगावी लागत नव्हती. ज्याचा बैल गेला, ज्याच्या घरचा करता माणूस अंथरुणाला खिळला, त्याच्या रानात गावानं आपापलं औत घेऊन उतरायचं आणि दिवस मावळायच्या आत सगळं रान नांगरून द्यायचं. मजुरी नाही. संध्याकाळी त्याच्या दारात गोडाचं जेवण. इर्जिकीत कुणी अंग राखत नाही, कारण दोन्ही बाजूंना शेजारी असतो. कारखान्यात हेच काम करायला साहेब ठेवावे लागतात, आणि तरीही अंग राखलं जातं.

काकासाहेब शहरातला. त्याच्या घरी औत होतं ते आजोबांच्या गोष्टीत. "रामकिसनभाऊ, हे रान नाय. एका दिवसात चारशे जादा काढले अन् कुणी बघितलं तर?"

"कोण बघतंय? गुरुवारी मोजणारा साहेब रजेवर हाय. मेव्हण्याच्या पोराची मुंज हाय, छावणीत."

"पण पाच-पाचनं काय बिघडतं?"

"इर्जिक एका दिवसाची असती. हप्त्यानं केली की उपकार होतो."

नऊ जणांनी माना हलवल्या. काकासाहेब प्रतिनिधी होता. बहुमत एकीकडं गेल्यावर त्याला मत बदलावं लागे.

गुरुवारी सकाळी सातला लाइन सुरू झाली ती रामकिसनच्या आरोळीनं. बैलांना देतात तशी. नऊ नंबरवरचा पुंजाराम जरा मागं राहिला तर दहा नंबरवरून विचारणा झाली, "काय रं, बैल बसला का तुझा?" पुंजाराम म्हणाला, "तुझ्या सासऱ्याचा होता, चारा मागतोय." कोण किती पुढं हे खडूनं मशीनवर लिहिलं जात होतं. काकासाहेबानं त्या दिवशी एकही तुकडा उजेडाकडं धरला नाही. दहाच्या सुमाराला तर त्याला हुरूप येऊन त्यानं रामकिसनला सात तुकड्यांनी गाठलं, आणि 'शेती सोडली म्हणून हात नाय सोडले' असं सुनावलं. जादा तुकडे मागच्या तेलाच्या रिकाम्या ड्रममध्ये, चिंध्यांखाली जात होते.

तिकडं छावणीत मुंज लागली होती. सासऱ्यांनी वैजनाथची ओळख नांदेडच्या एका पाहुण्याशी करून दिली: "हे वाळूजला असतात." पाहुणे आपुलकीनं म्हणाले, "अरे वा. किती एकर?" वैजनाथ पंगतीला थांबला नाही. उमाला, म्हणजे बायकोला, 'महत्त्वाचं काम आठवलं' असं सांगून त्यानं स्कूटर काढली.

अकराला तो जिन्यापाशी पोचला आणि थांबला. हा आवाज त्यानं या लाइनीचा कधी ऐकला नव्हता. वरच्या गॅलरीत खांबाच्या आड उभं राहून त्यानं घड्याळ काढलं. दोन तासांत सहा तक्ते भरले. एका तुकड्याला दोन मिनिटं आणि वर चोवीस भाग. पाळीला दोनशे पाच.

त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पंधरा दिवसांपूर्वी त्यानं कॅन्टीनमध्ये 'उत्पादकता हीच देशसेवा' या विषयावर चाळीस मिनिटं भाषण दिलं होतं. तेव्हा पहिल्या रांगेतले दोघं झोपले होते. आता त्याच्या लक्षात आलं, की भाषण उशिरा चढलं.

साडेतीनला पाळी सुटली. गेटाबाहेर कडुनिंबाखाली साळूबाई टेम्पोतून पातेली उतरवून बसली होती. पुरणाच्या पोळ्या, गुळवणी, आमटी, भात. अकरा जण एका रांगेत बसले, सांडू वाढत होता, डाव्या हातानं. वैजनाथ स्कूटर काढायला आला तो नेमका त्यांच्या समोर.

"साहेब, आज रजा होती ना तुमची?" रामकिसननं विचारलं.

"होती."

मग रामकिसननं शेजारी जागा केली. "बसा. बांधावर आलेला माणूस इर्जिकीला उपाशी जात नसतो."

वैजनाथ मुंजीतून उपाशीच आला होता. तो बसला. पहिली पोळी संपल्यावर त्यानं विचारलं, "कुणाची इर्जिक?"

"सांडूची. त्याचं जरा अडलंय." रामकिसननं गुळवणीची वाटी त्याच्याकडं सरकवली. "म्हणून आज सगळ्यांनी जीव लावून केलं. रोज असं होत नसतं, साहेब. रोज केलं तर माणूस वरसात झिजंल."

"आणि पैसे?"

"इर्जिकीला पैसे कसले?"

वैजनाथनं तीन पोळ्या खाल्ल्या. साळूबाईनं 'जावयासारखं लाजता काय' म्हणत चौथीवर तूप ओतलं. सांडू वाढायला आला तेव्हा त्याच्या उजव्या हातातला मोजा वैजनाथनं पाहिला. काही विचारलं नाही.

तो गेल्यावर काकासाहेब म्हणाला, "ह्यानं बघितलंय. मोजलंय पण असंल."

"जेवलाय," रामकिसन म्हणाला. "जेवल्यावर कोण वाईट करतं?"

संध्याकाळी उस्मानपुऱ्यातल्या आपल्या घरी टेबलाशी बसून वैजनाथनं तक्ते पुरे केले. शेवटचा एक रकाना उरला होता. पुण्याच्या कोर्समध्ये दोन आठवडे फक्त या रकान्यावर गेले होते. मोजणीच्या वेळी माणूस जर नेहमीपेक्षा जोरात काम करत असेल, तर त्याचा वेग या रकान्यात लिहायचा: साधा वेग शंभर, जोर असेल तर एकशे दहा, एकशे वीस. मग वेळ त्या प्रमाणात वाढवून धरायचा, म्हणजे एका दिवसाचा जोर वर्षभर गळ्यात पडत नाही. वैजनाथनं तोंडी हिशेब केला. एकशे तीस लिहिलं तर उत्तर येत होतं एकशे अठ्ठावन्न. म्हणजे होता तोच आकडा, आणि वर दोन कमी.

त्यानं शंभर लिहिलं. रेघ जरा ठळक आली. शेऱ्यात लिहिलं: 'इर्जिक: स्थानिक सामूहिक पद्धत. जादा वेतनाविना.' उमानं जेवायला हाक मारली तेव्हा भूक नाही म्हणाला, आणि ते खरं होतं.

व्यंकटरावांना शेऱ्यातला शेवटचा शब्द फार आवडला. पुढच्या मंगळवारी वैजनाथ टेबलाकडच्या खुर्चीवर बसला, आणि त्याच दिवशी लाइनीवर नोटीस लागली: उद्यापासून दोनशे पाच.

काकासाहेब वर गेला. व्यंकटरावांनी तक्ते त्याच्यापुढं पसरले. "आम्ही नाही केलं, तुम्हीच केलंत. हा तुमचा आठ नंबर. सगळ्यात वर आहे तुमचा. अभिनंदन."

काकासाहेबाला तोंडात आलेलं सगळं गिळावं लागलं. तो एका दिवसाचा जोर होता म्हणावं, तर कशासाठी होता ते सांगावं लागलं असतं. मग ड्रम निघाला असता, ड्रममधून तुकडे, आणि तुकड्यांमागून सांडूचं बोट. तो खाली आला आणि रामकिसनच्या मशीनपाशी उभा राहिला.

"पाच-पाच," एवढंच म्हणाला.

ड्रममध्ये त्या दिवशी अडीचशे तुकडे शिल्लक होते. रोज पन्नास लागले असते तर पाच दिवस पुरले असते. आता रोज पंचाण्णव लागणार होते. सांडूनं मामाला न विचारता मशीन जोरात चालवून बघितलं. टाके उसवले.

त्या संध्याकाळी रामकिसन, साळूबाई आणि सांडू उस्मानपुऱ्यात वैजनाथच्या दारात उभे होते. उमानं त्यांना आत घेतलं, पाणी दिलं.

"साहेब, तुम्हाला सांगितलं होतं," रामकिसन म्हणाला.

"सांगितलं होतं," वैजनाथ म्हणाला.

"मंग?"

उमा चहाचा ट्रे ठेवत म्हणाली, "म्हणजे तुम्ही त्या दिवशी यांच्यात जेवून आला होतात. मला वाटलं, बाबांवर रागावून उपाशी झोपलात."

"उमा, जरा थांब."

"मी कुठं काय म्हणतेय? पोळ्या चांगल्या झाल्या होत्या का, एवढंच विचारायचं होतं."

"चार खाल्ल्या ताई," साळूबाई म्हणाली. त्यात तक्रार नव्हती.

रामकिसननं सांडूकडं पाहिलं. "दाखव रं." सांडूनं मोजा काढला. उमा आत जाऊन कापूस आणि डेटॉल घेऊन आली. तिनं बोट पुसून दिलं. मग रामकिसननं सगळं सांगितलं: बोट, कार्ड, ड्रम, पाडवा, आणि ठरत आलेलं लग्न.

वैजनाथनं ऐकून घेतलं. "मी आता शंभराचे एकशे तीस केले, तर वरून विचारतील, का केले. मला इर्जिकीचं सांगावं लागेल. मग हे बोट लपायचं नाही."

"अन् तुमची केबिन," उमा म्हणाली.

"केबिनचा प्रश्न नाही."

"बरं. मग तो सोडून बोला."

तो सोडून बोलणं वैजनाथला जरा जड गेलं, पण मार्ग सापडला. मोजणीला एक मदतनीस घेता येत होता. पाटी धरायची, आकडे वाचून दाखवायचे. मदतनिसाला तुकड्यांचा आकडा लागू नाही. त्याचं कार्ड रोज पूर्ण भरलं जातं. पाडव्यापर्यंत सांडू मदतनीस. "आणि तुम्ही माझं एक करा. पाडव्याच्या आदल्या दिवशी मुंबईहून दोन साहेब येणार आहेत. तेवढा एक दिवस इर्जिक घालून दाखवा. पुढचं पुढं बघू."

रामकिसननं मनातल्या मनात बेरीज केली. "म्हणजे ह्याचं कार्ड भरतंय, तुमचं काम होतंय, अन् दोनशे पाच आमच्याकडं राहतात."

"दादा," साळूबाई म्हणाली, "हो म्हण."

रामकिसन हो म्हणाला.

पुढचे पंधरा दिवस सांडू वैजनाथच्या मागून पाटी घेऊन फिरला. त्याचं कार्ड स्वच्छ भरत होतं. बाकीची लाइन एकशे साठ-पासष्टवर रेंगाळत होती आणि रोज अकरा जणांना ताकिदीच्या चिठ्ठ्या मिळत होत्या. ड्रममधले अडीचशे तुकडे सहा जणांत वाटले गेले, तेवढ्यानं एक दिवस सहा चिठ्ठ्या वाचल्या. व्यंकटरावांनी मुंबईला कळवलं, की नवीन आकडा कामगारांच्या अंगवळणी पडत आहे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी लाइनीवर कापडी फलक लागला: 'आमची कंपनी, आमची इर्जिक'. बुंदीच्या लाडवांची पाकिटं आली. मुंबईचे दोघे साहेब नऊला आले. एक तरुण होता, त्यानं सगळ्याला मान हलवली. दुसरा म्हातारा होता, चाळीस वर्षं यंत्रांत घालवलेला, आणि त्यानं आल्या आल्या ड्रिलच्या पात्याला बोट लावून बघितलं. व्यंकटरावांनी इर्जिकीवर पाच मिनिटं भाषण केलं. त्यात ग्रामसंस्कृती आली, सहकार्य आलं, आणि वेतनाविना हा शब्द दोनदा आला.

मग ते म्हणाले, "चला रामकिसन, करा सुरुवात."

"इर्जिक कुणाची, साहेब?" रामकिसननं विचारलं.

"कंपनीची. म्हणजे आपल्या सगळ्यांची."

"सगळ्यांची नसती. रानाचा मालक एक असतो. इथं कंपनीचं माणूस म्हणजे तुम्ही." रामकिसननं हात जोडले. "मालकाचं औत पुढं, बाकीची मागं. तुम्ही धरल्याबिगर आमाला धरता येत नाय. अन् तुमच्या पुढं जाता येत नाय. मालकाच्या पुढं औत नेलं तर त्याचा पाणउतारा होतो."

अशी रीत खरंच होती, की रामकिसननं तिथल्या तिथं पाडली, यावर आसपासच्या म्हाताऱ्यांत दोन मतं आहेत. पण मुंबईचा म्हातारा खूश झाला. "वा. अगदी बरोबर आहे. करा की, व्यंकटराव."

व्यंकटराव हसले. मग कुणीच थांबवत नाही असं पाहून त्यांना हसणं थांबवावं लागलं. सांडू पाटी धरून उभा असल्यामुळं बारा नंबरचं मशीन रिकामंच होतं. त्यांनी कोट काढला, टाय शर्टाच्या बटणांत खोवला आणि ड्रिल खाली ओढायचा दांडा धरला.

पहिल्या तुकड्याला नऊ मिनिटं लागली. भोकं दोन पडली. तिसरं कुठं पाडायचं हे पुंजारामनं आदरानं दाखवलं. हळूहळू हात बसला, तरी एका तुकड्याला सरासरी पाच मिनिटं. बाकीचे अकरा जण एकेक तुकडा करत आणि दांड्यावर हात ठेवून मालकाची वाट बघत उभे राहत. कुणी तेल घातलं नाही, कुणी काही पुसलं नाही. दोन तासांनी व्यंकटरावांचे चोवीस झाले होते आणि प्रत्येकाचे चोवीस. काकासाहेब पंचविसावा हातात घेऊन उभा होता.

"मोजताय ना?" म्हाताऱ्यानं वैजनाथला विचारलं.

"हो सर."

"यांच्या वेगाला किती देता?"

वैजनाथनं वर पाहिलं. व्यंकटराव दांडा धरून त्याच्याचकडं बघत होते. कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला होता. खरा आकडा चाळीस-पंचेचाळीस असावा. सगळ्या लाइनीसमोर, मुंबईच्या माणसांसमोर, आपल्या मॅनेजरला चाळीस म्हणायचं, हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवलेलं नव्हतं.

"शंभर, सर. अगदी व्यवस्थित."

म्हाताऱ्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि लाडवाच्या पाकिटावर भागाकार केला. "मग पाळीला ब्याण्णव निघतात." त्यानं फाइल मागितली, गुरुवारचे तक्ते काढले, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथंही शंभर. त्या दिवशी दोनशे पाच, आज ब्याण्णव, आणि दोन्ही शंभर?"

"दोन्ही," वैजनाथ म्हणाला. त्याचा आवाज सांडूलाच काय तो ऐकू गेला असेल.

म्हाताऱ्यानं फाइल मिटली. तो रामकिसनकडं वळला. "तुम्ही किती म्हणता?"

"एकशे साठ."

"आणि व्यंकटराव दोनशे पाच." त्यानं लाडू तोडला. "एकशे ऐंशी करा. दोघांचंही ऐकल्यासारखं होईल."

दुपारी वैजनाथला सांगण्यात आलं, की एकशे ऐंशी हा आकडा शास्त्रानं काढून द्या. त्यानं रकान्यात शंभराच्या जागी एकशे चौदा लिहिलं. बरोबर एकशे ऐंशी आले. त्याच टेबलावर सांडूच्या कायम नेमणुकीचा कागद सहीला आला. कार्डावर एकही डाग नव्हता. शिफारशीत वैजनाथनं लिहिलं, 'मोजणीच्या कामात विशेष सहकार्य', आणि ती ओळ त्या आठवड्यात त्यानं लिहिलेली बहुधा एकमेव खरी ओळ होती.

पाडव्यानंतर गेटावर काकासाहेबाला हार घातला गेला, कारण त्यानं पंचवीस कमी करून आणले. व्यंकटरावांचा मुंबईत सत्कार झाला, कारण त्यांनी वीस वाढवले. दोन्ही भाषणांत इर्जिकीचा उल्लेख होता. म्हाताऱ्यानं वैजनाथला मुंबईच्या प्रशिक्षण विभागात ओढून घेतलं. हा माणूस मशीनपासून दूर असलेला बरा, असं त्याचं मत पडलं. तिथून वैजनाथ राज्यभर कारखान्यांत 'इर्जिक: एक भारतीय व्यवस्थापन पद्धत' या विषयावर दीड तास बोलतो. उमा एकदाच ऐकायला गेली होती. पोळ्यांचा भाग गाळलात, एवढंच म्हणाली.

सांडूचं लग्न वैशाखात झालं. बोट बरं झालं, पण मधल्या पेरात वाकत नाही.

आता बेरीज. रोज वीस जादा, बारा मशीन, म्हणजे दोनशे चाळीस. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर बहात्तर हजार तुकडे, दर वर्षी, जादा वेतनाविना. कंपनीनं दिली लाडवांची पाकिटं, तीही पाहुण्यांसाठी मागवलेल्यातली उरलेली. चाळीस पोळ्या, गुळवणी आणि तूप साळूबाईचं. बहात्तर हजार लाइनीचे. त्यातले सहा हजार सांडूच्या वाट्याचे, आणि ते तो नऊ बोटांनी भरतो.